गिअर सकाळी अडकतो, दुपारी चालतो… शिफ्टर गेला का?

पंक्चरसम्राट (नाशिक)

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. माझी जुनी एमटीबी (माउंटन बाईक) आहे, २६ इंची चाकं, पुढे ३ मागे ८ चकत्या, हॅण्डलखाली ट्रिगरवाले शिफ्टर, अंगठ्याने दाबलं की मोठ्या चकतीवर आणि बोटाने ओढलं की लहान चकतीवर, तो प्रकार. नोकरीच्या भानगडीत दोन वर्षं सायकल जिन्याखाली पडून होती, आता पॅन्टची बटणं बोंबलायला लागली म्हणून दिवाळीनंतर परत बाहेर काढली. ट्यूब बदलल्या, चेन धुतली, ब्रेकचे रबर नवीन टाकले, म्हटलं झालं आपलं काम.

पण उजव्या हाताचा गिअर वैताग देतोय. सकाळी सहाला चांभार लेण्यांच्या बाजूला जातो, चढ आला की अंगठ्याने लिव्हर दाबतो तर ती भसकन आत जाते, ना खटका ना काही, लहान पोराच्या खेळण्यातल्यासारखी, आणि सोडली की परत येते. असं आठ-दहा वेळा दाबलं की एखाद्या वेळी टक् करून पकडते, तोपर्यंत चढावर माझा जीव गेलेला असतो आणि मी उतरून सायकल ढकलत असतो आणि मागे दोन कुत्री. उलट बाजूला, म्हणजे लहान चकतीवर, बऱ्यापैकी जातो. आणि गंमत म्हणजे तीच सायकल रविवारी दुपारी काढली तर गिअर मुकाट पडतात सगळे, एकदम शहाण्यासारखे. मला वाटलं मलाच भास होतोय, पण तीन रविवार झाले, हेच.

दुकानात दाखवली. त्याने दोनदा लिव्हर दाबून बघितली आणि म्हणाला शिफ्टरचा जोड बदला, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेतो तो) पण बदला आणि करतोच आहे तर कॅसेट (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) आणि चेन पण टाकून घ्या. आकडा ऐकून मी सायकल उचलून घरी आणली. खरंच गेलाय का शिफ्टर? घरी काही करता येण्यासारखं आहे का? मला पंक्चर काढता येतं, त्यापुढे आनंद आहे.

लोकल८१२

नवीन घे ना भाई. साधा आठ स्पीडचा उजवा शिफ्टर एकटा पण मिळतो, जोड घ्यायची गरज नाही. अर्ध्या तासाचं काम.

खटपट्या (पुणे)

थांब, लगेच पैसे घालवू नकोस. आधी दुखणं कुठे आहे ते शोधू. गिअर अडकतो म्हणतो तेव्हा ते तीनच ठिकाणी असतं, शिफ्टरच्या पोटात, वायर आणि तिच्यावरची नळी म्हणजे आउटर यांच्या मध्ये, किंवा मागे डिरेलरच्या सांध्यांत. तिन्हीची लक्षणं वेगळी आहेत पण लोक सगळ्याला एकच औषध देतात, ते म्हणजे सगळं बदला.

लिव्हर जड लागत असेल, जोर लावावा लागत असेल, तर बहुतेक वायर. मोठ्या चकतीवर नीट जातो पण लहानवर यायला आळस करतो, तरीही वायर किंवा डिरेलर, कारण परत यायला फक्त डिरेलरच्या स्प्रिंगचा जोर असतो, आपला अंगठा नसतो. पण तू म्हणतोयस लिव्हर रिकामी आत जाते. हे वेगळं आहे. हे शिफ्टरच्या आतलं वाटतंय. तरी खात्री कर, फुकटात होते.

दुपारी कर, गिअर चालत असेल तेव्हा. मागचं चाक उचलून पायडल फिरव आणि सगळ्यात मोठ्या चकतीवर आण. आता फिरवणं पूर्ण बंद. चाक थांबलेलं असताना बोटाच्या लिव्हरने सातही खटके खाली सोड. चेन हलणार नाही कारण चाक फिरत नाहीये, पण शिफ्टरने वायर सोडून दिलीय, त्यामुळे वायर एकदम ढिली पडेल. आता फ्रेमला जिथे आउटर टेकते तिथे एक चीर असते बघ, त्या चिरेतून वायर बाजूला काढ, आउटर आपोआप मोकळी होते. एकही पाना लागत नाही. (फ्रेमच्या आतून वायर गेलेली असेल तर हे जमत नाही, पण २६ इंची जुनी म्हणतोस म्हणजे बाहेरूनच असणार.)

मग आउटर वायरवर पुढे-मागे सरकवून बघ. लोण्यासारखी सरकली पाहिजे. आणि सायकल रात्रभर तशीच ठेव. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, एका हाताने उघडी वायर हलकी ताणून धर आणि दुसऱ्या हाताने अंगठ्याची लिव्हर दाब. तेव्हाही रिकामी गेली तर वायर आणि डिरेलर दोघंही निर्दोष सुटले.

एक सांगून ठेवतो, आठ स्पीडच्या शिमानो पद्धतीत एका खटक्याला वायर फक्त २.८ मिलिमीटर सरकते आणि तेवढ्यावर डिरेलरने चेन ४.८ मिलिमीटर बाजूला न्यायची असते. म्हणजे कुठेही अर्ध्या मिलिमीटरची खोटी झाली की गिअर रुसतो. म्हणून अंदाजाने स्क्रू फिरवत बसू नकोस, विशेषतः डिरेलरवरचे ते दोन बारके स्क्रू. ते डिरेलरची हद्द ठरवणारे स्क्रू आहेत, त्यांचा या भानगडीशी काही संबंध नाही, पण लोकांचा हात पहिला तिथेच जातो.

रंकाळा६५ (कोल्हापूर)

खटपट्या बरोबर सांगतोय बघ. भावा, शिफ्टरच्या आत काय असतंय सांगतो म्हणजे तुला भीती वाटायची न्हाई. साध्या सायकलीच्या फ्रीव्हीलमधी कुत्री असतात का न्हाई, पायडल उलटं मारलं की टरटर वाजतंय ती, तसलीच बारकी कुत्री शिफ्टरमधी असतात. एक दातेरी चकती, तिच्यावर वायर गुंडाळायची. एक कुत्रं चकतीला ढकलतंय, दुसरं धरून ठेवतंय. आणि त्या कुत्र्याला दात्यावर दाबून ठेवायला केसाएवढी स्प्रिंग. फ्रीव्हीलात ग्रीस घट्ट झालं की कुत्री बसत न्हाईत आणि पायडल हवेत फिरतंय, तू लहानपणी बघितलं असशीलच. तुझ्या लिव्हरचं तेच झालंय. स्प्रिंगमधी तेवढा जीवच नसतोय की चिकटलेलं कुत्रं उचलून दात्यात घालंल.

आमच्या वेळंला हे खटकेच नव्हते. माझ्याकडं पहिली गिअरची सायकल आली तिला खालच्या नळीवर दोन दांड्या होत्या, फ्रिक्शनच्या, कानानं ऐकत गिअर लावायचा, चेन खरखरली की जरा मागं, जरा पुढं. शिमानोनं १९८४ ला रेसच्या सायकलीसाठी खटक्याचा गिअर काढला आणि मग सगळीकडं तेच झालं. सोय झाली खरी पण दुखणं नळीवरनं हॅण्डलच्या पोटात गेलं. त्या दांडीत बिघडायला होतंच काय, एक स्क्रू आवळला की संपलं.

आणि लोकल८१२ भावा, तू उद्या दात दुखला तर कवळीच बसवशील काय रं.

लोकल८१२

😂 काका मान्य. पण मी बोललो ते अनुभवावरून बोललो. लॉकडाऊनमध्ये माझा शिफ्टर असाच अडकला होता, यूट्यूब बघून पूर्ण खोलला. मधला नट काढला, वॉशर काढला आणि आतून एक गोल गुंडाळलेली स्प्रिंग सुटली ती सरळ बाल्कनीच्या ग्रिलमधून खाली, सहाव्या मजल्यावरून. वॉचमन आणि मी टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये शोधत होतो. मिळाली पण, पण कुठून निघाली तेच आठवेना. दोन संध्याकाळ गेल्या आणि शेवटी नवीनच घेतला. म्हणून म्हटलं नवीन घे.

खटपट्या (पुणे)

हो, मधला नट कोणीही उघडू नका. शिमानो स्वतः पण सांगते की शिफ्टरचं पोट खोलू नका. आणि तशी गरजही नसते, वरचं झाकण काढलं तरी भागतं. पण आधी त्याची टेस्ट होऊ दे.

समुद्रकाठ (मालवण)

माझं थोडं विषयांतर पण वायरवाल्यांच्या कामाला येईल. आमच्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे शिफ्टर मरायच्या आधी वायर मरते. बाहेरून चकाचक दिसते आणि आउटरच्या आत गंजून काथ्यासारखी झालेली असते. सगळ्यात वाईट जागा म्हणजे मागच्या डिरेलरला जाणारा तो शेवटचा अर्धगोल तुकडा, चाकाचं सगळं पाणी आणि चिखल तिथेच उडतो आणि तिथेच साठतो. मी दर गणपतीनंतर तेवढा एक तुकडा बदलते, बाकीचं दोन वर्षं जातं.

आणि एक फसवणूक सांगते. एकदा घाईत जवळच्या दुकानातून आउटर टाकून घेतली, तेव्हापासून गिअर लागेचनात, कधी एक सोडून दुसरा, कधी मध्येच लटकलेला. महिनाभर मी शिफ्टरला शिव्या देत होते. मग एका मुलाने बघितलं आणि म्हणाला ताई ही ब्रेकची आउटर आहे. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गोल गोल गुंडाळलेली असते, दाब आला की ती थोडी आकसते, ब्रेकला चालतं ते. गिअरच्या आउटरमध्ये तारा सरळ लांबीत असतात म्हणून ती आकसत नाही. कापलेल्या टोकाकडे बघितलं की लगेच कळतं. जाडीही वेगळी, गिअरची साधारण ४ मिलिमीटर, ब्रेकची ५. उलटं मात्र कधीच करायचं नाही, गिअरची आउटर ब्रेकला लावली आणि जोरात ब्रेक मारला तर त्या सरळ तारा फाकून आउटर फुटू शकते.

आणखी एक, आउटर पकडीने कापली की टोक चपटं होतं आणि आतली प्लॅस्टिकची नळी बंद होते. दाभण घालून ते तोंड गोल उघडायचं, मगच टोपी लावायची. आईचं गोधडी शिवायचं दाभण माझ्या टूलकिटमध्ये गेलंय ते परत गेलेलं नाही.

पंक्चरसम्राट (नाशिक)

रिपोर्ट. काल दुपारी खटपट्या म्हणाला तसं केलं, चिरेतून वायर निघाली, मला स्वतःचाच अभिमान वाटला. वायर ठीक आहे, आउटर छान सरकते, फक्त शेवटच्या तुकड्यात (समुद्रकाठ ताई म्हणतात तोच) थोडी खरखर आहे.

आज सकाळी साडेपाचला उठून वायर ताणून लिव्हर दाबली. रिकामी. वीस वेळा दाबली, वीस वेळा रिकामी. बायको उठून आली आणि म्हणाली अंधारात सायकलची नाडी बघताय का.

म्हणजे शिफ्टरच ना? पण मग दुपारी कसा चालतो? गेलेली वस्तू दुपारी कशी बरी होते?

सध्या_एडमंटन

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या कॅनडात. ही सकाळ-दुपारची गोष्ट वाचून लिहितोय कारण इकडे हे दर ऑक्टोबरला होतं. जुन्या शिफ्टरमधलं ग्रीस थंडीत घट्ट होतं, कुत्री उठत नाहीत (काका, शब्द भारी आहे, इतकी वर्षं मी इंग्रजीत पॉल पॉल म्हणत होतो). घरात आणून दहा मिनिटं हीटरजवळ ठेवली की सगळं ठणठणीत. खात्री करायची असेल तर सकाळी केसांचा ड्रायर दोन मिनिटं शिफ्टरवर मार, मध्यम गरम, एका जागी धरू नकोस नाहीतर प्लॅस्टिक वाकडं होईल. गरम केल्यावर पकडायला लागली तर वस्तू गेलेली नाही, फक्त चिकटलेली आहे.

पण मला एक प्रश्न पडलाय. इकडे तापमान शून्याच्या आसपास गेलं की हे सुरू होतं. नाशिकला थंडी असते मान्य, निफाडचे आकडे आम्ही पण वाचतो, पण शहरात सकाळी १०-१२ अंश असेल. तेवढ्याने मूळचं ग्रीस इतकं दगड होत नाही सहसा आणि दुपारी इतकं झकास सुटतही नाही. जुनं ग्रीस असेल तर दुपारी पण थोडं तरी रडलं असतं. सायकल ठेवताना किंवा काढताना तू त्यात काही घातलं होतंस का? कुठलं तेल?

पंक्चरसम्राट (नाशिक)

मी काही घातलं नाही. चेनला चेनचंच तेल टाकलंय, बाटलीवर लिहिलेलं.

ड्रायर मारला, दोन मिनिटांत टक् टक् टक्! सातही खटके! म्हणजे गेलेला नाही!

थांबा, बाबांना विचारतो. मी बाहेरगावी होतो तेव्हा सायकल तेच पुसायचे.

पंक्चरसम्राट (नाशिक)

मंडळी.

बाबा म्हणाले, "हो, घातलं ना. गंज चढू नये म्हणून दर महिन्याला दोन्हीकडे दोन-दोन थेंब खोबरेल."

रंकाळा६५ (कोल्हापूर)

आई शप्पथ 😂😂 सायकलीला मालिश!

सध्या_एडमंटन

बास, केस सुटली. खोबरेल साधारण २४ अंशाच्या खाली थिजायला लागतं. हिवाळ्यात आंघोळीच्या आधी बाटली गरम पाण्यात उभी करायचो ती आठवते ना, तेच तुझ्या शिफ्टरच्या पोटात चाललंय रोज. सकाळी पांढरा गोळा, दुपारी उन्हात पाणी. दोन वर्षं महिन्याला दोन थेंब म्हणजे आत चांगली वाटीभर नाही तरी चमचाभर असेल, वर जिन्याखालची धूळ. आणि खाली मूळचं ग्रीस होतं ते पण त्यात कालवलं गेलं असणार.

बाबांना काही बोलू नकोस. ज्या माणसाने दोन वर्षं दर महिन्याला न चुकता तुझी सायकल पुसली त्याला काय बोलणार.

समुद्रकाठ (मालवण)

आमच्याकडे हे कळलंच नसतं कधी, आमच्याकडे खोबरेल बाराही महिने पातळ. 🙂

खटपट्या (पुणे)

चला आता धुवायचं. हे वाचून मगच हात लाव.

सायकल उलटी करू नकोस, सरळ स्टॅण्डवर ठेव किंवा शिफ्टर हॅण्डलवरून सोडव, तुझा ब्रेकच्या लिव्हरपासून वेगळा असेल तर एकाच एलन स्क्रूवर निघतो. एकत्र असेल तर राहू दे तसाच. ब्रेकचे रबर आणि रिम फडक्याने झाकून घे, कारण त्यावर एक थेंब जरी उडाला तरी उतारावर आठवण येईल. डिस्क असेल तर दुप्पट काळजी, पॅड तेल पितात.

वायर पूर्ण काढ. त्यासाठी शिफ्टर सगळ्यात लहान चकतीच्या खटक्यावर आण, मागे डिरेलरवरचा बोल्ट सैल कर, टोकाची टोपी काप आणि शिफ्टरला एक छोटं प्लॅस्टिकचं बूच असतं ते पेचकसने सोड, वायर मागून ढकलली की तिचं डोकं त्या भोकातून बाहेर येतं. लहान चकतीचा खटका विसरलास तर भोक आणि डोकं समोरासमोर येत नाही आणि मग लोक पक्कड घेऊन ओढतात. ओढू नकोस. वायर काढलीच आहेस तर नवीनच घाल, जुन्या वायरचं टोक एकदा फिसकटलं की परत आउटरमध्ये शिरत नाही.

आता वरचं झाकण, म्हणजे तो आकडे दाखवणारा भाग. एक किंवा दोन बारके स्क्रू असतात. खाली पांढरा कागद पसर, स्क्रू पडला तर दिसला पाहिजे. झाकणाखाली दातेरी चकती दिसेल. इथे थांबायचं. मधल्या नटला हात लावलास तर लोकल८१२ च्या बाल्कनीची आठवण ठेव.

खोबरेल आहे म्हणून आधी ड्रायरने गरम कर, वितळू दे, जेवढं गळतंय तेवढं फडक्यावर गळू दे. मग नळीवाला स्प्रे, डब्ल्यूडी-४० वगैरे, आत सगळीकडे मार आणि दोन्ही लिव्हर आलटून पालटून दाबत राहा. किती वेळा म्हणशील तर शंभर, मोजून. क्रिकेट बघत बस आणि दाब. घाण बाहेर येईल ती जुन्या टूथब्रशने काढ. परत स्प्रे, परत शंभर. तीन-चार फेऱ्या. बाहेर येणारा थेंब स्वच्छ दिसेपर्यंत. रॉकेल मिळालं तर ब्रशने तेही चालतं, पेट्रोल घरात काढू नकोस आणि गाडीच्या ब्रेकसाठी जो क्लीनर मिळतो तो नको, काही प्लॅस्टिकला तो खातो.

आणि हे महत्त्वाचं. डब्ल्यूडी-४० ने सुटलं म्हणून खूश होऊन झाकण लावू नकोस. नावातच आहे, पाणी हटवण्यासाठी ४० व्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण, १९५३ सालचं. धुवायला उत्तम, पण टिकाऊ वंगण म्हणून त्याच्या भरवशावर राहता येत नाही. उडून जातं आणि महिन्याभरात तू परत इथे येशील. तासभर निथळू दे, मग शिलाई मशीनचं तेल, कुत्र्यांच्या खिळ्यांवर एकेक थेंब, टाचणीच्या टोकाने. दात्यांवर पातळ ग्रीस बोटाने पुसल्यासारखं. गॅरेजमधलं घट्ट ग्रीस कोंबलंस तर पुढच्या डिसेंबरला हीच गोष्ट, फक्त वास वेगळा.

पंक्चरसम्राट (नाशिक)

आज केलं. सुट्टी होती, गच्चीत बसलो, बाबा शेजारी खुर्ची टाकून.

झाकण काढलं तर आत साजूक तुपात काजळ कालवावं तसा राखाडी लगदा. वास मात्र स्वच्छ डोक्याच्या तेलाचा. टॉर्च मारून बघितलं तर काकांचं कुत्रं दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढा लोखंडाचा तुकडा, लिव्हर दाबली की चकतीबरोबर सरकायचा पण खाली बसायचाच नाही, झोपेतून उठवल्यासारखा अर्धवट वर. आणि ती केसाएवढी स्प्रिंग त्याला बिचारी ढोसतेय. हे प्रत्यक्ष बघितल्यावर सगळं डोक्यात शिरलं, मला आजपर्यंत वाटायचं आत इलेक्ट्रॉनिक वगैरे काहीतरी असेल.

पहिल्या फेरीत काही फरक नाही. दुसऱ्या फेरीत साधारण साठाव्या दाबाला आवाज बदलला, आधी फसक् यायचा तो टक् झाला. बाबा म्हणाले लागलं बघ. तिसऱ्या फेरीनंतर प्रत्येक वेळी. चौथी फेरी बाबांनी मारली, त्यांना सोडवेना.

शिलाई मशीनचं तेल आईच्या मशीनच्या खणात होतं. म्हणजे योग्य तेल दोन वर्षं त्याच घरात होतं, फक्त वेगळ्या खणात.

नवीन वायर टाकली आणि शेवटचा आउटरचा तुकडा पण, गिअरचा, टोक बघून घेतला, दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. दोन्ही मिळून अडीचशेच्या आत. पण आता एक भानगड, तिसऱ्यावरून मोठ्या चकतीवर जाताना खटका पडतो पण चेन क्षणभर विचार करते मग चढते. उलट्या बाजूला पटकन उतरते.

खटपट्या (पुणे)

वायर जरा ढिली आहे, नवीन वायर बसते तेव्हा आउटर टोप्यांमध्ये दबून थोडी सैल पडतेच. डिरेलरपाशी जिथे आउटर शिरते तिथे फिरवायचा गोल आहे, तो बाहेरच्या बाजूला पाव फेरा सोड. बाहेर आला की आउटर लांबल्यासारखी होते आणि वायर ताणली जाते. परत बघ. अजून पाव. तीन-चार पावांत जमलं नाही तर मला सांग, मग डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर वाकलाय का बघू, सायकल उजव्या अंगावर कधी पडली असेल तर. उतरताना अडायला लागली तर जास्त ताणलंस, अर्धा पाव मागे ये.

पंक्चरसम्राट (नाशिक)

दोन पावांत झालं!! आज सकाळी सहाला गेलो, मोबाईलवर ११ अंश, चांभार लेण्यांच्या चढाला अंगठा लावला आणि टक्, गेला. कुत्री (खरी) आज पण मागे लागली पण मी थांबलो नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. रंकाळा काका, नाशिकला आलात तर मिसळ माझ्याकडून.

रंकाळा६५ (कोल्हापूर)

मिसळ खायला कोल्हापूरचा माणूस नाशिकला बोलावतोयस? धाडस हाय तुझ्यात.

समुद्रकाठ (मालवण)

पण तेल तर दोन्हीकडे घातलं होतं ना बाबांनी? डावीकडचा शिफ्टर?

पंक्चरसम्राट (नाशिक)

तो जाम आहे पूर्ण. पण पुढचा गिअर मी कधी बदलतच नाही हो, मधल्या चकतीवरच असतो कायम. राहू दे तसाच, मार्चमध्ये आपोआप वितळेल.